आक्रा, 28 फेब्रुवारी 1948: चुकलेल्या निदानाचं एक प्रकरण

28 फेब्रुवारी 1948, शनिवार. मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, बोटीकडे निघाली होती. आपल्याकडे हा दिवस एखाद्या ओळीत उरकला जातो. त्याच शनिवारी दुपारी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आक्रा शहरात, एका ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याने शेजारच्या शिपायाच्या हातातली रायफल घेतली आणि समोरच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. मोर्चातले अनेकजण तीन वर्षांपूर्वी ब्रह्मदेशाच्या जंगलात ब्रिटनच्याच बाजूने लढलेले होते.

या गोळीबारापासून घानाच्या स्वातंत्र्याची गोष्ट सांगायची प्रथा आहे, आणि ती चुकीची नाही. पण वसाहतींच्या इतिहासात गोळीबारांची वाण नाही. बहुतेक गोळीबारांतून हळहळ आणि वार्षिक श्रद्धांजली यांपलीकडे काही निघालं नाही. आक्राच्या गोळीबारानंतर मात्र तीन वर्षांच्या आत तुरुंगातला एक कैदी थेट सरकारप्रमुखाच्या खुर्चीवर जाऊन बसला. हा फरक कुठून आला? माझ्या मते गोळ्यांमधून नाही. गोळीबारानंतरच्या दोन आठवड्यांत सरकारने जे घडलं त्याचा जो अर्थ लावला, त्यातून आला.

शहाणी वसाहत

आजचा घाना तेव्हा गोल्ड कोस्ट होता, आणि लंडनच्या वसाहत खात्याच्या नजरेत ही शहाणी, गुणी वसाहत. जगातला सर्वाधिक कोको इथे पिकायचा. शाळा होत्या, वकील होते, वर्तमानपत्रं होती. 1946 मध्ये गव्हर्नर सर अ‍ॅलन बर्न्स यांनी नवी राज्यघटना आणली आणि कायदेमंडळात आफ्रिकी सदस्यांचं बहुमत झालं. त्या काळच्या ब्रिटिश आफ्रिकेत ही मोठी गोष्ट मानली गेली.

बहुमत होतं, पण कोणाचं? निवडून येणाऱ्यांतले बहुतेक सदस्य पारंपरिक प्रमुखांच्या परिषदांमधून यायचे. लोकांनी थेट मत द्यायची सोय मोजक्या शहरांपुरती होती. कार्यकारी सत्ता पूर्वीसारखीच गव्हर्नरकडे राहिली. शिकलेल्या तरुणाला त्या घटनेत जागा नव्हती. कोको पिकवणाऱ्याला नव्हती, आणि बाजारात बसणाऱ्या बाईला तर नव्हतीच. लंडनमध्ये मात्र समजूत अशी की गोल्ड कोस्टला आता बरीच वर्षं काही द्यावं लागणार नाही.

जानेवारी 1948 मध्ये सर जेराल्ड क्रीझी नवे गव्हर्नर म्हणून आले. त्यांची बहुतेक नोकरी लंडनच्या वसाहत खात्यात, फायलींमध्ये गेलेली. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी त्यांना येऊन जेमतेम सात आठवडे झाले होते.

पन्नास टक्के म्हणजे किती

युद्ध संपलं तरी माल येत नव्हता. ब्रिटनमध्येच टंचाई होती, त्यामुळे कापड, भांडी, लोखंडी सामान मोजकंच यायचं, आणि यायचं तेही परवान्यावर. आयातीचे परवाने मागच्या उलाढालीच्या हिशेबाने वाटले जात. साहजिकच मोठ्या युरोपीय कंपन्यांना मोठा वाटा मिळे. सगळ्यांत मोठी युनायटेड आफ्रिका कंपनी, म्हणजे युनिलिव्हरचीच शाखा. या कंपन्यांची असोसिएशन ऑफ वेस्ट आफ्रिकन मर्चंट्स नावाची संघटना होती. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार ‘अवाम’. घानाच्या बोलीत ‘अवाम’ हा शब्द पुढे बनवाबनवीसाठी रूढ झाला. संघटना गेली, शिवी राहिली.

माल मोजका आणि मोजक्यांच्याच हातात, म्हणून भाव चढले. या भाववाढीविरुद्ध उभा राहिला नी क्वाबेना बॉन. हा आक्रामधल्या ओसू भागातला प्रमुख आणि स्वतः व्यापारी. क्रांतिकारक वगैरे अजिबात नाही. त्याची मागणी साधी होती: भाव उतरवा, नाहीतर आम्ही तुमचा माल घेणार नाही. त्याने वसाहतभर फिरून इतर प्रमुखांना गळ घातली. 26 जानेवारी 1948 पासून आयात मालावर बहिष्कार सुरू झाला. गावोगावच्या प्रमुखांनी बहिष्कार मोडणाऱ्यांना दंड लावले. दुकानं उघडी, पण गिऱ्हाईक नाही. महिनाभर हे चाललं. ही गोष्ट एकाएकी घडली असं सरकारला म्हणता आलं नसतं, कारण दहा वर्षांपूर्वी, 1937-38 च्या हंगामात, याच वसाहतीतल्या शेतकऱ्यांनी युरोपीय कंपन्यांना कोको विकायचं बंद करून दाखवलं होतं.

सरकारने काय केलं? हा व्यापारी आणि गिऱ्हाइकांमधला वाद आहे, आम्ही तटस्थ आहोत, असं जाहीर केलं. परवाने सरकार देतं, कोणाला किती ते सरकार ठरवतं, आणि त्या परवान्यांतून जन्मलेल्या भाववाढीच्या वादात सरकार तटस्थ! लोकांनी त्याचा सरळ अर्थ घेतला की सरकार कंपन्यांच्या बाजूने आहे. पुढे चौकशी आयोगानेही असंतोषाच्या कारणांत या तटस्थतेची नोंद केली.

शेवटी फेब्रुवारीत बोलणी झाली आणि कंपन्यांनी एकूण नफ्याचं प्रमाण 75 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आणायचं कबूल केलं. त्या बदल्यात 28 तारखेच्या सकाळी बहिष्कार उठणार होता.

या आकड्यापाशी मी जरा थांबतो, कारण पुढचा घोळ इथेच शिजला. समजा एखादी वस्तू कंपनीला 100 ला पडते. 75 टक्के नफ्याने ती 175 ला विकली जायची. आता 50 टक्क्यांनी 150 ला. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हिशेबाने भाव उतरला साधारण 14 टक्के. तडजोड म्हणून हे वाईट नव्हतं. पण महिनाभर पोटाला चिमटा काढून बहिष्कार पाळलेल्या माणसाच्या कानावर जे पडलं ते ‘पन्नास टक्के’ एवढंच. त्याने धरून चाललं की भाव निम्मे होणार. त्यातून काही मालांना हा करार लागूही नव्हता. शनिवारी सकाळी लोक पैसे गाठीला बांधून दुकानांत गेले आणि त्यांना वाटलं, आपल्याला सरळ फसवलं.

कंपन्यांनी करार मोडला नव्हता. लोकांनीही खोटं काही ऐकलं नव्हतं. एक हिशेबनीसाची भाषा होती आणि एक बाजाराची, आणि मधे दुभाष्या नव्हता.

ब्रह्मदेशातून परतलेले

गोल्ड कोस्टमधून 60 हजारांहून जास्त माणसं दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेली. त्यांतली कित्येक 81 व्या आणि 82 व्या पश्चिम आफ्रिकी डिव्हिजनमधून ब्रह्मदेशात, आराकानच्या बाजूला लढली. वाटेत त्यांनी हिंदुस्थान पाहिला, 1943 ते 1945 या वर्षांतला, म्हणजे चले जाव आंदोलनानंतरचा. गोरे सैनिकही घाबरतात, जखमी होतात, मरतात हे त्यांनी जवळून पाहिलं. एवढं पाहून आलेला माणूस गावी परत तसाच राहील, अशी अपेक्षा फक्त सरकारी कचेरीतच करता येते.

परतल्यावर नोकऱ्या नव्हत्या. पेन्शनच्या तक्रारी होत्या. भरतीच्या वेळी दिलेली आश्वासनं कोणाच्या ध्यानात नव्हती. मग माजी सैनिकांच्या संघटनेने गव्हर्नरना निवेदन द्यायचं ठरवलं. स्वातंत्र्य द्या, असं त्या निवेदनाचं मागणं नव्हतं. पेन्शन, काम, पुनर्वसन अशा अगदी घरगुती म्हणाव्यात अशा मागण्या त्यात होत्या. मोर्चाची रीतसर परवानगी घेतली. पोलिसांनी मार्ग आखून दिला आणि मोर्चाने सचिवालयापाशी थांबावं असं ठरलं.

परवानगीची तारीख 28 फेब्रुवारी.

दोन्ही कागद एकाच सरकारच्या हाती होते. बहिष्कार त्या सकाळी उठणार, तेव्हा सगळं शहर बाजारात असणार, हे माहीत होतं. दीड-दोन हजार चिडलेले माजी सैनिक त्याच दुपारी रस्त्यावर येणार, हेही माहीत होतं. दोन्ही तारखा कोणी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याचं दिसत नाही. कारभारातल्या अनर्थांचं मूळ पुष्कळदा असल्या किरकोळ गोष्टीत सापडतं: एक फाइल एका टेबलावर, दुसरी दुसऱ्या.

चौक

मोर्चा निघाला आणि ठरलेला मार्ग सोडून ख्रिश्चनबोर्ग किल्ल्याकडे वळला. हा किल्ला सतराव्या शतकात डेन लोकांनी व्यापारासाठी उभारलेला, आणि 1948 मध्ये गव्हर्नरचं निवासस्थान. सैनिकांचं म्हणणं सरळ होतं: निवेदन गव्हर्नरना आहे, तर गव्हर्नरच्याच दारात देऊ.

किल्ल्याकडे जाणाऱ्या चौकात पोलीस अधीक्षक कॉलिन इमरे मोजक्या शिपायांसह उभे होते. समोर जमाव कित्येक पटींनी मोठा, मागे किल्ला. थांबायचा हुकूम झाला, मोर्चा थांबला नाही, दगड आले. इमरेंनी गोळीबाराचा हुकूम दिला, मग जवळच्या शिपायाची रायफल घेऊन स्वतःच सहाएक गोळ्या झाडल्या. सार्जंट अजेटे, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लँप्टी हे तिघे माजी सैनिक या गोळीबाराचे हुतात्मे.

इमरेंना चौकशी आयोगाने दोष दिला नाही. त्या क्षणी, त्या चौकात, तेवढ्या माणसांनिशी दुसरं काय करता आलं असतं, हा प्रश्न खरोखर सोपा नाही. पण प्रश्न त्या क्षणाचा नसून आधीच्या सकाळचा आहे. किल्ल्यातला एखादा वरिष्ठ अधिकारी चौकात येऊन ते निवेदन हातात घेऊ शकला असता. कागद घेतल्याने साम्राज्य बुडत नाही. सचिवालयापर्यंतच, एक पाऊल पुढे नाही, हा हट्ट तीन जिवांएवढा महत्त्वाचा नव्हता.

बातमी शहरात पोहोचली तेव्हा बाजार आधीच खदखदत होता. सकाळपासून भावांवरून शिव्याशाप चालू, आणि त्यात आता ‘गोऱ्यांनी आपल्या शिपायांना मारलं’. युनायटेड आफ्रिका कंपनीच्या इमारती आणि किंग्जवे स्टोअर्स लुटले गेले, जाळले गेले. सीरियन आणि लेबनीज व्यापाऱ्यांची दुकानं फुटली. अशर किल्ल्यातल्या तुरुंगाचं दार फोडून कैदी बाहेर काढले गेले. दंगल कुमासी, कोफोरिडुआ, न्सावाम अशी पसरत गेली. ती शमली तेव्हा 29 जण मेले होते आणि 237 जखमी होते.

सहा तारवाले

आता त्या दोन आठवड्यांकडे येऊ.

गोल्ड कोस्टमध्ये त्या वेळी एकच राजकीय पक्ष म्हणण्याजोगा होता: युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन. स्थापना 4 ऑगस्ट 1947, सॉल्टपाँड गावी. चालवणारे बॅरिस्टर जे. बी. डांक्वा, लाकडाचे श्रीमंत व्यापारी जॉर्ज ग्रँट आणि त्यांच्यासारखी प्रतिष्ठित मंडळी. घोषणाही त्यांच्या स्वभावाला शोभणारी: शक्य तितक्या लवकर स्वराज्य. आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या काँग्रेसची आठवण व्हावी अशी ही माणसं. कोर्टाचं काम सांभाळून देशसेवा करायची, तर पूर्णवेळ काम करणारा कोणीतरी हवा. म्हणून त्यांनी बारा वर्षं अमेरिका-ब्रिटनमध्ये राहिलेल्या क्वामे एन्क्रुमा यांना सरचिटणीस म्हणून बोलावलं. एन्क्रुमा डिसेंबर 1947 मध्ये परतले.

20 फेब्रुवारीला आक्रातल्या पॅलेडियम थिएटरात माजी सैनिकांची सभा झाली आणि तिथे डांक्वा आणि एन्क्रुमा बोलले, हे खरं. पण बहिष्कार त्यांचा नव्हता, तो नी बॉनचा. मोर्चाही त्यांचा नव्हता, तो सैनिकांच्या संघटनेचा. 28 तारखेला पक्षाचे पुढारी सॉल्टपाँडला स्वतःच्या बैठकीत होते.

दंगलीची बातमी येताच मात्र त्यांनी तारा पाठवायला सुरुवात केली. डांक्वांनी वसाहतमंत्री आर्थर क्रीच जोन्स यांना लांबलचक तार केली. तिचा आशय असा की गव्हर्नरना परत बोलवा, देशाचा कारभार कोलमडला आहे, हंगामी सरकार चालवायला आम्ही तयार आहोत. एन्क्रुमांची तार छोटी होती, पण तिच्या प्रती न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रापासून मॉस्कोच्या नियतकालिकापर्यंत गेल्या. शहर जळत असताना सत्ता मागणाऱ्या या तारांना संधिसाधूपणा म्हणायचं का? म्हणावं. पण तार करणं म्हणजे आग लावणं नव्हे. आगीची ऊब घेणारा आणि काडी लावणारा यांतला भेद पोलीस खात्याला तरी कळायला हवा.

क्रीझी यांनी आणीबाणी पुकारली आणि 12 मार्चला सहा जणांना खटला न चालवता स्थानबद्ध केलं: डांक्वा, एन्क्रुमा, एबेनेझर आको-अजेई, एडवर्ड अकुफो-अडो, विल्यम ओफोरी अट्टा आणि इमॅन्युएल ओबेत्सेबी-लँप्टी. एन्क्रुमांकडे सही नसलेलं कम्युनिस्ट पक्षाचं सदस्यत्वपत्र सापडलं आणि ‘सर्कल’ नावाच्या गुप्त मंडळाचा एक कागद. सरकारला हवा होता तो दुवा मिळाला. दंगल हा कम्युनिस्ट कट, हे सहा सूत्रधार, संपलं.

असं निदान नेहमी सोयीचं असतं. कट म्हटला की भाव, परवाने, पेन्शन, कोको यांपैकी कशाकडेच पाहावं लागत नाही. फक्त माणसं उचलावी लागतात, आणि ते काम सरकारला जमतं.

कोकोचं वर ओझरतं आलं, पण खेड्यांतला राग समजायचा तर ते नीट पाहायला हवं. कोकोच्या झाडांना एक विषाणूजन्य रोग लागला होता, ज्यात फांद्या सुजतात आणि झाड काही वर्षांत मरतं. पिठ्या ढेकूण तो पसरवतो. त्यावर औषध नव्हतं. शेतीखात्याचं उत्तर एकच: रोगट झाडं तोडा. शास्त्र म्हणून ते बरोबर होतं. पण रोग लागलेलं झाडही मरेपर्यंत फळ देतं, आणि युद्धानंतर कोकोला चांगला भाव आलेला. अशा वेळी सरकारी टोळी येऊन शेतकऱ्याचं उभं झाड तोडते आणि हातावर तुटपुंजी भरपाई टेकवते. गावोगाव कंड्या पिकल्या की इंग्रजांना आपला कोकोच बुडवायचा आहे. दक्षिणेकडचं हे सगळं खेडं सरकारवर आधीच रुसलेलं होतं. आक्रात दंगल झाली तेव्हा त्याला सरकारची कणव येण्याचं कारण नव्हतं.

अटकेने काय साधलं

सहा जणांना आधी कुमासीच्या तुरुंगात ठेवलं. तिथून तरुण त्यांना सोडवून नेतील अशी आवई उठल्यावर त्यांना उत्तरेकडे तमालेला हलवलं आणि मग एकेकाला वेगळं केलं. बंदिवासात त्यांचं आपसात पटलं नाही. एन्क्रुमांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं की बाकीच्यांनी सगळ्याचा दोष त्यांच्यावर टाकला, आणि सरचिटणीसपदासाठी त्यांची शिफारस केल्याबद्दल आको-अजेईंवरही. आत ही भांडणं चालू होती आणि बाहेर लोक त्यांना ‘बिग सिक्स’ म्हणू लागले होते. ज्यांची नावं महिन्यापूर्वी वकिलांच्या वर्तुळाबाहेर फार कोणाला ठाऊक नव्हती, ती नावं आता बाजारात बायकांच्या तोंडी होती. पक्षाच्या शाखा आणि सभासद भराभर वाढले. एवढा प्रचार पक्षाला स्वतःच्या पैशाने वर्षभरात जमला नसता.

केप कोस्टमध्ये या अटकेच्या निषेधार्थ विद्यार्थ्यांनी संप केला आणि त्यांना शाळांमधून काढण्यात आलं. एन्क्रुमांनी सुटल्यावर त्याच वर्षी जुलैत या मुलांसाठी एक शाळा काढली, घाना नॅशनल कॉलेज. देशाचं नाव अजून गोल्ड कोस्टच होतं, त्या नावाचं राष्ट्र अस्तित्वात यायला नऊ वर्षं होती, पण शाळेच्या पाटीवर ते आधीच आलं. पक्षातल्या ज्येष्ठांना हे आवडलं नाही.

महिन्याभराने सहाही जण सुटले, कारण लंडनने चौकशी आयोग नेमला होता आणि आयोगासमोर त्यांची साक्ष व्हायची होती. आयोगाचे अध्यक्ष वकील एकन वॉटसन. सोबत ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजचे प्रमुख कीथ मरे आणि कामगार संघटनेतले अँड्र्यू डॅल्ग्लिश. आयोगाने कम्युनिस्ट कागदांची दखल घेतली, एन्क्रुमांची उलटतपासणी केली, त्यांच्याविषयी संशयही नोंदवला. पण कारणं शोधताना तो तिथे अडकला नाही. जूनमध्ये आलेल्या अहवालात माजी सैनिक, शिकलेल्यांची कोंडी, आयात परवाने, टंचाई, सरकारची तटस्थता, कोकोची तोड, घरांची टंचाई, शिक्षणाची संथ गती असं एकेक कारण येतं. आणि बर्न्स यांच्या ज्या राज्यघटनेचं 1946 मध्ये एवढं कौतुक झालं होतं, ती जन्मतःच कालबाह्य होती, असा निर्वाळा.

साम्राज्याच्याच माणसांनी साम्राज्याच्या कारभाराबद्दल हे लिहिलं. अशा चौकश्यांच्या अहवालांवर धूळ बसते हा आपला अनुभव, पण या वेळी लंडनने तो गंभीरपणे घेतला. हिंदुस्थान आणि पाकिस्तान 1947 मध्ये, ब्रह्मदेश 1948 च्या जानेवारीत, सिलोन फेब्रुवारीत असे एकेक हातचे गेल्यावर गोल्ड कोस्टसाठी लष्करी मोहीम उघडायची ताकद आणि इच्छा दोन्ही उरल्या नव्हत्या, हे त्यामागचं व्यवहारी कारण. वर्षाअखेरीस न्यायमूर्ती हेन्ली कूसी यांच्या अध्यक्षतेखाली नवी घटना सुचवण्यासाठी समिती नेमली. तिचे सगळे सदस्य आफ्रिकी होते.

आणि इथे सरकारने दुसरी चूक केली. मला ती अटकेपेक्षा मोठी वाटते. त्या सहा जणांपैकी पाच जणांना समितीवर घेतलं आणि एकाला वगळलं: एन्क्रुमांना.

हेतू उघड आहे. मवाळांना आत घ्यायचं, जहालाला बाहेर ठेवायचं. ही चाल आपल्याकडे कर्झन-मिंटोच्या काळापासून ओळखीची. पण आत घेतलेले पाचजण वर्षभर कलमांचा कीस पाडत बसले आणि बाहेरचा एक गावोगाव हिंडत राहिला. त्याच्याकडे सप्टेंबर 1948 पासून ‘आक्रा ईव्हनिंग न्यूज’ हे स्वतःचं वर्तमानपत्र होतं. श्रीमंतांच्या व्हरांड्यात झोपणारे बेकार तरुण, अर्धवट शिकलेले कारकून, ट्रकचे ड्रायव्हर, बाजारातल्या बायका असा त्याचा गोतावळा. 12 जून 1949 ला आक्राच्या जाहीर सभेत एन्क्रुमांनी जुना पक्ष सोडून कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी स्थापन केली. ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द गेले, आणि त्यांच्या जागी आला एकच शब्द: आता.

कूसी समितीचा अहवाल आला तेव्हा त्यात बरंच काही होतं, मोठं निवडून आलेलं कायदेमंडळ, बहुसंख्य आफ्रिकी मंत्री. 1947 मध्ये हे मिळालं असतं तर डांक्वांची मिरवणूक निघाली असती. 1949 मध्ये ते कमी पडलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते प्रसिद्ध आहे. जानेवारी 1950 मध्ये एन्क्रुमांनी ‘पॉझिटिव्ह अ‍ॅक्शन’ पुकारलं, म्हणजे संप, बहिष्कार, असहकार. गांधींच्या सत्याग्रहाचं ऋण ते मोकळेपणाने मान्य करत. पुन्हा अटक, या वेळी शिक्षा. फेब्रुवारी 1951 च्या निवडणुकीत ते तुरुंगातून आक्रा सेंट्रलसाठी उभे राहिले आणि 23,122 पैकी 22,780 मतं त्यांना पडली. नवे गव्हर्नर सर चार्ल्स आर्डन-क्लार्क यांनी त्यांना 12 फेब्रुवारीला जेम्स किल्ल्याच्या तुरुंगातून सोडलं आणि सरकार बनवायला बोलावलं. 6 मार्च 1957 ला घाना स्वतंत्र झाला.

जर-तर

प्रकरण अभ्यासात जर-तरचा मोह आवरत नाही. मोर्चा दुसऱ्या दिवशी ठेवला असता तर? गोळीबार कदाचित टळला नसता, पण भरलेला, चिडलेला बाजार शेजारी नसता. सरकार भावाच्या वादात आधीच उतरलं असतं तर? बहिष्कार लवकर सुटला असता आणि नी बॉन इतिहासात तळटीप झाला असता. सहा जणांना उचललंच नसतं तर? माझा अंदाज आहे की पक्ष वकिलांचाच राहिला असता, एन्क्रुमा आणि डांक्वांचं भांडण दोनेक वर्षं उशिरा झालं असतं, आणि स्वातंत्र्य तरीही आलं असतं, कारण हिंदुस्थान गेल्यावर उलटी वाट नव्हतीच. पण ते कोणाच्या हातात आलं असतं, हे बदललं असतं. 1948 हे निर्णायक वर्ष ठरलं ते याच अर्थाने. स्वराज्य कधी, हा प्रश्न त्या वर्षी थोडा पुढे सरकला. स्वराज्य कोणाचं, याचा निकाल मात्र त्या वर्षीच्या दोन सरकारी याद्यांनी लावून टाकला: अटकेच्या यादीत एन्क्रुमांचं नाव होतं, समितीच्या यादीत नव्हतं.

त्या सहा जणांचं पुढे काय झालं, ते वाचताना थांबायला होतं. 1958 मध्ये एन्क्रुमांच्या सरकारने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला. खटल्याशिवाय कैद, जी क्रीझी यांनी 1948 मध्ये वापरली होती तीच. ओबेत्सेबी-लँप्टी 1963 मध्ये स्थानबद्धतेत असताना वारले. आको-अजेई मंत्री होते, त्यांना 1962 मध्ये पकडलं, फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली, आणि एन्क्रुमांची सत्ता उलथल्यावरच ते सुटले. डांक्वा न्सावामच्या तुरुंगात 4 फेब्रुवारी 1965 ला वारले. अकुफो-अडो 1970 मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

2007 मध्ये घानाचा नवा सेडी चलनात आला. त्याच्या नोटांवर सहाही चेहरे शेजारी शेजारी आहेत. तीन वर्षांनी दोन सेडींची वेगळी नोट निघाली, तिच्यावर एकटे एन्क्रुमा. अजेटे, अटिपो आणि ओडार्टे लँप्टी नोटांवर नाहीत. त्यांच्यासाठी दरवर्षी 28 फेब्रुवारीला ओसूमध्ये पुष्पचक्र वाहिलं जातं.